पैठणीचा रंग बिघडवतं कोण? नवा कॅमेरा घेण्याआधी केलेल्या एका चाचणीची हकिकत

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातलं एक पैठणी विणणारं कुटुंब. खाली दुकान आणि माग, वर राहतं घर, आणि माडीवरची एक खोली फोटोंसाठी. टाळेबंदीत दुकानात गिऱ्हाईक येईना तेव्हा धाकट्या भावाने व्हॉट्सअ‍ॅपवरून विक्री सुरू केली आणि पुढे स्वतःचं संकेतस्थळ काढलं. कॅमेरा साधा: २४ मेगापिक्सलचा, एपीएस-सी म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरचा जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स. थोरले भाऊ हिशेब आणि विणकर बघतात. रंगाचं खातं वहिनींकडे. रंगवून आलेल्या रेशमाच्या लडी पारखणं, ताण्याला (उभ्या धाग्यांना) कुठला आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) कुठला रंग घ्यायचा हे ठरवणं, सगळं त्यांच्याच नजरेवर चालतं. या प्रकरणात ती नजर मोजमापाच्या यंत्राइतकीच उपयोगी पडली.

मला बोलावलं ते ‘यातला कुठला कॅमेरा घेऊ’ एवढं सांगायला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम तोच आहे.

अडचण

तक्रार एकच होती: फोटोत दिसली ती साडी ही नव्हे. राणी रंग फोटोत विटकरीकडे झुकायचा. डाळिंबी तपकिरी दिसायचा. मोरपंखी तर एकाच लडीतल्या दोन साड्यांचा वेगवेगळा यायचा. जरीचा काठ कधी पांढराफटक, कधी मातकट. काही फोटोंत आडवे फिकट पट्टे उमटलेले, त्यावर धाकट्याचं म्हणणं सेन्सर गेला.

साडी महाग, त्यामुळे परत आली की जाण्यायेण्याचा खर्च आणि विमा दोन्ही अंगावर. त्याहून मोठा धोका घडीचा. पैठणी उलगडून, नेसून बघून परत आली की तिची पहिली घडी मोडलेली असते आणि ती नव्या मालात ठेवता येत नाही.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, मिररलेस कॅमेरा सुचवला होता. लेन्ससह भाव दीड-दोन लाखांच्या घरात. थोरल्यांची तयारी होती. धाकट्याला तर तो हवाच होता. शंका काढली ती वहिनींनी. “सकाळी ओसरीवर याच कॅमेऱ्याने काढलेला फोटो बरा येतो, मग दुपारी माडीवर काय होतं त्याला?” सगळ्या चाचणीचा प्रश्न या एका वाक्यात होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय थेट नवा कॅमेरा घेण्याचा. दुसरा, नाशिकच्या स्टुडिओत साडीमागे पैसे देऊन फोटो काढून घेण्याचा. साड्या ने-आण करण्याची जोखीम मोठी म्हणून तो लगेच बाद झाला. तिसरा, सगळे फोटो सकाळी ओसरीवरच काढायचे. हा फुकटातला होता आणि वाईट नव्हता. पण पावसाळ्यात, ढग आल्यावर किंवा समोरच्या घराच्या भिंतीवर ऊन पडल्यावर तोच उजेड बदलतो. दिवाळी-लग्नसराईत दिवसाला ढीगभर साड्या काढायच्या असताना दोन तासांच्या उजेडावर धंदा चालत नाही.

चौथा मी मांडला. नवा कॅमेरा एक दिवस भाड्याने आणू, चांगले दिवेही भाड्याने आणू, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू. थोरल्यांचा आक्षेप रास्त होता: ज्याच्यासाठी भाडं भरायचं तो कॅमेरा शेवटी घ्यायचाच असेल तर हा खर्च कशाला? भाडं किमतीच्या मानाने किरकोळ निघालं आणि तो विषय तिथेच संपला.

खोली आणि उजेड

कॅमेऱ्याला हात लावण्याआधी खोली बघितली. पश्चिमेला खिडकी, छताला एलईडी ट्यूब, दोन बाजूंना स्वस्तातली दोन एलईडी पॅनेल आणि डावीकडे पिस्ता रंगाची भिंत. म्हणजे तीन जातींचा उजेड एकाच साडीवर पडत होता, आणि चौथा भिंतीवरून उडून येत होता. राखाडी ग्रे कार्ड भिंतीपासून लांब, उजवीकडे धरून व्हाइट बॅलन्स ठरवला, म्हणजे कुठला रंग झाक नसलेला धरायचा हे कॅमेऱ्याला सांगितलं. मग तेच कार्ड त्याच सेटिंगवर भिंतीशेजारी धरून फोटो काढला. कार्डाला हिरवट झाक. धाकट्याने भिंतीकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “हा रंग मागच्या दिवाळीला दिलाय.”

खिडकीला काळं कापड लावलं, ट्यूब बंद केली, भिंतीवरही काळं कापड सोडलं. फोटो काढणाऱ्याने भगवा टी-शर्ट घातला होता, तोही बदलायला लावला. जवळून काढलेल्या फोटोत तो साडीवर उतरतो.

मग सारखेपणा. पदराच्या जागी पांढरा ड्रॉइंग पेपर पसरून फोटो काढायचा आणि मधला भाग व चारी कोपरे यांचे आकडे संगणकावर वाचायचे. पहिल्याच फोटोत एक कोपरा ठळकपणे काळवंडलेला. कारण सरळ आहे: दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. दिवा पदराच्या जवळच्या काठापासून १ मीटरवर आणि पदर १ मीटर रुंद असेल, तर त्या एका दिव्याचा पलीकडच्या काठावरचा उजेड सुमारे दोन स्टॉपनी कमी असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). दोन्ही बाजूंना सारखे दिवे, ४५ अंशांत, आणि शक्य तितके मागे ओढून ठेवले तेव्हा कोपरे जुळले.

कॅमेरा बरोबर समोर आहे का, हे बघायला जुनी युक्ती वापरली. साडीच्या जागी आरसा ठेवायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचं प्रतिबिंब नेमकं मधोमध आलं की काटकोन साधला.

दोन्ही कॅमेऱ्यांना नियम एकच. ट्रायपॉड, टायमर, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल, कॅमेऱ्यातली शार्पनिंग आणि ‘ऑटो’ सुधारणा बंद. दोघांत फ्रेम सारखी यावी म्हणून जुन्यावर ५० मिमी, तर फुल-फ्रेमवर ७५ मिमीच्या आसपास. शटर दोघांना सारखं न ठेवता राखाडी चौकोन सारखाच उजळ येईल असं ठेवलं, कारण एका कंपनीचा आयएसओ १०० दुसऱ्याच्या १००शी तंतोतंत जुळेलच असं नसतं. प्रत्येक दिव्याखाली आधी २४ चौकोनांच्या कलरचेकर या रंगतक्त्याचा फोटो, मग साड्या. हा तक्ता १९७६पासून बाजारात आहे. त्यात सहा करड्या छटा आहेत आणि माणसाची त्वचा, पालवी, निळं फूल असे कॅमेऱ्याला नेहमी छळणारे रंगही आहेत.

एक निर्णय मात्र वादाचा ठरला: खरा रंग कुठल्या उजेडातला धरायचा? थोरले म्हणाले दुकानातला, गिऱ्हाईक तिथेच पसंत करतं. धाकट्याचं म्हणणं, ऑनलाइन गिऱ्हाईक तर पार्सल घरी, रात्री, पिवळ्या बल्बखाली उघडतं. वहिनींनी ओसरी सोडली नाही. शेवटी दिवसाचा उजेड प्रमाण धरला, कारण घराघरांतले बल्ब वेगळे असतात आणि त्या सगळ्यांना समाईक असा उजेड तेवढाच.

फायलींना फक्त ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावं दिली. कुठली कुठल्या कॅमेऱ्याची हे वहिनींना सांगितलं नाही.

त्यातही एक अडथळा आला. ज्या लॅपटॉपवर फोटो बघायचे त्यात रात्रीचा पिवळा मोड चालू होता, आणि बहुधा कित्येक महिने चालूच होता. स्क्रीन मोजून नीट करून घेतली, मगच पुढे गेलो.

काय दिसलं

घरच्या जुन्या पॅनेलखाली दोन्ही कॅमेरे चुकले, आणि एकाच दिशेने चुकले. दीड-दोन लाखांच्या कॅमेऱ्यातही राणी रंग विटकरीच. हा फोटो बघून थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत.

दोष दिव्याच्या जडणघडणीत होता. पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळसर उजेड देणाऱ्या पदार्थाचा थर. निळा उजेड ४५० नॅनोमीटरच्या आसपास भरपूर, त्यानंतर ४८०च्या सुमाराला खळगा, आणि गडद लाल पट्ट्यात उतार. मोरपंखीची झळाळी नेमकी त्या खळग्याच्या आसपासची, राणी आणि डाळिंबी त्या उतारावरचे. दिव्यात जो उजेड नाही तो साडी परत फेकू शकत नाही, आणि कॅमेऱ्याला तो टिपता येत नाही.

खोक्यावर ‘सीआरआय ८०’ असं छापलेलं होतं. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं हे शंभरपैकी माप. तो आकडा खोटा नसेलही. नेहमीचा सीआरआय पहिल्या आठ, फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात. भडक लालसाठी आर९ हा वेगळा आकडा असतो आणि तो या सरासरीत धरतच नाहीत. सीआरआय ८०च्या दिव्याचा आर९ शून्याच्या आसपासही असू शकतो. साडीवाल्याने बघायचा तो आर९.

भाड्याने आणलेल्या चांगल्या एलईडीखाली राणी आणि डाळिंबी जाग्यावर आले. फ्लॅशखाली मोरपंखीही जवळजवळ ओसरीवरच्यासारखा दिसला, कारण झेनॉन फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उजेडासारखा सलग असतो. वहिनींनी ‘अ’ आणि ‘ब’मध्ये कधी हा, कधी तो निवडला. एका कॅमेऱ्याकडे झुकता कल दिसला नाही.

पट्ट्यांचं कोडंही सुटलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. त्यात ही पॅनेल मंद केली की भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी झाल्याचा भास देत. धाकटा हातात कॅमेरा धरून १/५०० सेकंदाने फोटो काढायचा. शटरची फट सेन्सरवरून सरकताना दिवा मधेच विझलेला असायचा. पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवून, ट्रायपॉडवरून १/१० सेकंदाला काढलेल्या फोटोत एकही पट्टा नव्हता. सेन्सर ठणठणीत होता.

जरीची वीण मऊ का येते, याचं उत्तर लेन्सच्या छिद्रात निघालं. ‘सगळं शार्प यावं’ म्हणून धाकटा एफ/२२ वापरायचा (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक). इतक्या बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो. हिरव्या उजेडाचा प्रत्येक बिंदू एफ/२२ला सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि या सेन्सरचा पिक्सल जेमतेम ४ मायक्रॉनचा. एफ/८ला तो ठिपका ११च्या आत येतो. त्याच लेन्सने एफ/८वर काढलेल्या फोटोत काठावरच्या मोराच्या मानेतले तार एकेक करून मोजता येत होते.

नव्या कॅमेऱ्याला इथे एक गुण गमवावा लागला. त्याच्या सेन्सरवर लो-पास फिल्टर, म्हणजे अतिबारीक तपशील जरा मऊ करणारा थर, नाही. ठरावीक अंतरावरून विणीवर इंद्रधनुषी लाटा उमटल्या, त्याला मॉयरे म्हणतात. ट्रायपॉड जरा पुढे-मागे केला की त्या जात. पण घाईच्या दिवसांत प्रत्येक साडीला हे कोण बघत बसणार? तो सरस ठरला फक्त अंधारात. आयएसओ ३२००ला जुन्याचा दाणा स्पष्ट दिसला, त्याचा कमी. भरपूर उजेडात, आयएसओ १००ला, त्या मोठ्या सेन्सरला करायला कामच उरलं नव्हतं.

जरीची चमक काबूत आणायला दिव्यांवर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणारे फिल्टर) लावून बघितले. चमक पार गेली, रेशमाचा रंग गर्द झाला. तंत्राच्या दृष्टीने दिवसातला सर्वांत स्वच्छ फोटो. वहिनींनी एक नजर टाकली. “ही जर कुठली? हळदीत बुडवलेला दोरा वाटतोय.” त्यांचं बरोबर होतं. धातूवरून परतणारा उजेड आपलं ध्रुवीकरण, म्हणजे कंपाची दिशा, टिकवून ठेवतो, म्हणून असा फिल्टर लावला की रेशमावरच्या चकाकीबरोबर जरीची सगळी झळाळीही गाळली जाते. ते सोडून दिलं आणि दिव्यांचा उजेड पसरवून मऊ करणारे मोठे सॉफ्टबॉक्स लावले. जर चमकली, पांढरी पडली नाही.

सर्वांत अनपेक्षित निघाली काळी पैठणी, संक्रांतीला जिला मागणी असते ती. एलईडीखाली ती काळी होती. ‘उत्तम’ फ्लॅशखाली मात्र किंचित तपकिरी-वांगी झाली, आणि नव्या कॅमेऱ्यात जरा जास्तच. काही काळे रंग डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड मुबलक परत फेकतात. कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर तो अडवतो, पण पुरता नाही. फ्लॅशमध्ये अवरक्त भरपूर, पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नाहीच. म्हणजे एका साडीसाठी चांगला ठरलेला दिवा दुसरीसाठी वाईट. सगळ्या रंगांना पुरणारा एक दिवा शोधत बसायचं नाही, हे इथे कळलं.

आणि धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे कोन बदलला की साडी बदलते. तिथे ‘खरा रंग’ एका फोटोत मावत नाही. कॅमेरा कुठलाही घ्या.

निर्णय

कॅमेरा घ्यायचा नाही, हे संध्याकाळपर्यंत कुणी न सांगताच ठरलं होतं. चर्चा राहिली फ्लॅश की एलईडी यावर.

निव्वळ फोटोंच्या कसाला फ्लॅश वरचढ होता. मोरपंखीत फरक दिसत होता. पण धाकट्याला पदर फिरवून दाखवणारे छोटे व्हिडिओ करायचे होते, धूपछावसाठी ते लागणारच होते, आणि व्हिडिओला फ्लॅश निरुपयोगी. काळ्या साडीचा कौलही एलईडीकडे. त्यामुळे चांगले एलईडी घेतले आणि मोरपंखीत राहिलेला थोडा फरक कलरचेकरवरून केलेल्या प्रोफाइलने, म्हणजे रंग दुरुस्त करणाऱ्या फाइलने, भरून काढला. असं प्रोफाइल त्या कॅमेऱ्याला आणि त्याच दिव्याला लागू पडतं. दिवा बदलला की नवं करावं लागतं. हे त्याला दोनदा बजावून सांगितलं.

खरेदी करताना ‘सीआरआय ९५’ एवढ्यावर न थांबता आर९ किती ते विचारायचं ठरलं होतं. एका दुकानदाराने असा काही आकडा असतो हेच मानलं नाही. ज्याने तो छापील पत्रकावर दाखवला त्याच्याकडून माल घेतला. पिस्ता भिंतीला फिका राखाडी रंग दिला, खिडकीला जाड पडदा. भिंत, दिवे, सॉफ्टबॉक्स, तक्ता मिळून खर्च नव्या कॅमेऱ्याच्या किमतीच्या पासंगालाही नव्हता.

पुढे काय झालं

त्यानंतरच्या लग्नसराईत रंगावरून येणाऱ्या तक्रारी बऱ्याच उतरल्या. राणी आणि डाळिंबीच्या जवळपास थांबल्या. मोरपंखीच्या अधूनमधून येत राहिल्या. त्यातल्या काही गिऱ्हाइकाच्या फोनच्या होत्या, कारण बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन भडक मोडवर ठेवलेली असते आणि त्यात रंग चढतात. धूपछाव साडीला आता दोन कोनांतले दोन फोटो आणि एक व्हिडिओ असतो. “दुसऱ्या फोटोतला रंग हवा” असा निरोप आजही येतो, आणि फोनवर समजावून सांगण्याचं काम वहिनींकडे आहे.

पुढच्या वर्षी धाकट्याने तो फुल-फ्रेम कॅमेरा घेतलाच. प्रदर्शनातल्या स्टॉलवर आणि लग्नाच्या हॉलमध्ये दिवे आपल्या हातात नसतात, तिथे तो कामाचा आहे. साड्यांचे फोटो मात्र जुन्यावरच निघतात.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रारींची नोंद आधीपासून ठेवायला हवी होती. कुठल्या रंगाची, कुठल्या तारखेला फोटो काढलेली साडी परत आली, एवढं वहीत असतं तर निम्मं निदान खोलीत पाऊल टाकण्याआधीच झालं असतं. दुपारनंतर काढलेले फोटो आणि लाल घराण्याच्या साड्या हा मेळ वहीतच दिसला असता. तक्रारी ‘बऱ्याच’ उतरल्या असं मोघम लिहावं लागतंय, तेही त्याचमुळे. आधीचा आकडाच नाही.

भाड्याचा कॅमेरा पहिल्याच दिवशी आणायची गरज नव्हती. त्या दिवसाचा मोठा भाग पडदे बांधण्यात आणि दिवे सारखे करण्यात गेला, आणि कॅमेरा पिशवीत पडून राहिला. आधी घरच्या कॅमेऱ्यावर खोली नीट करून घेतली असती तर त्याचं भाडं वाचलं असतं. कदाचित तो आणावाही लागला नसता. माझं मत असं की तरीही तो आणणं योग्यच होतं. नवा कॅमेराही जुन्या दिव्याखाली तितकाच चुकतो हे थोरल्यांनी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर दिव्यांवर खर्च करायला ते राजी झाले नसते.

लेन्सला लावायचा अवरक्त अडवणारा फिल्टर त्या दिवशी हाताशी नव्हता. तो असता तर काळी पैठणी फ्लॅशखालीही काळी येते का हे बघता आलं असतं, आणि फ्लॅश-एलईडीचा निर्णय कदाचित इतक्या सहज झाला नसता.

राहिलेलं एक काम वहिनींनी आता सुरू केलं आहे. प्रत्येक रंगवणीतल्या लडीचे चार धागे कार्डावर गुंडाळून त्यावर तारीख घालायची आणि साडीच्या फोटोआधी ते कार्ड कलरचेकरशेजारी ठेवून एक फोटो काढायचा. पुढची लडी रंगाऱ्याकडून वेगळी उतरली तर ती रंगाऱ्याची की दिव्याची, हे त्या फोटोवरून ठरवता येतं. कलरचेकर आणि कार्डं दोन्ही कपाटात, अंधारात ठेवतात. उघडी राहिली तर तीही विटतात.